पिंजऱ्यासोबत वजनकाटाही घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदांवर लेख आला होता. मुलांना पक्ष्यांची एखादी जोडी घेऊन द्यावी, असे त्यात सुचवले होते. पिंजरा केवढा असावा, रंग कोणते मिळतात, जोडी कितीला पडते, हे सगळे त्यात होते. पक्षी आजारी पडला तर काय, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मी हुपरीचा चांदी कारागीर, पैंजण घडवतो. दुकानांत ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात ते बजरीगर, म्हणजे छोटे पोपट, बऱ्याच वर्षांपासून आमच्या घरात आहेत. राहून गेलेली ती ओळ लिहून पाठवतो आहे. जरा लांबली आहे, तरी छापावी ही विनंती.

पक्षी आजार लपवतो. रानात थव्यातला जो दुबळा दिसेल त्याच्यावरच ससाणा झडप घालतो. म्हणून अंगात त्राण आहे तोवर पक्षी दांडीवर ताठ बसतो, भांड्याशी जातो, दाण्यांत चोच मारत राहतो. ज्या सकाळी तो पिसे फुलवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाला बसलेला दिसतो, त्या सकाळी तो आजारी पडलेला नसतो; दुखणे कितीतरी आधीपासून आत मुरलेले असते. "काल तर चांगला खेळत होता हो," हे मी पुष्कळ घरांतून ऐकले आहे. सांगणारा माणूस खरेच सांगत असतो. काल तो खेळत होताच.

म्हणून माझे सांगणे एकच आहे: पक्ष्याचे वजन करा. मोठा बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम तीन तोळ्यांचा जीव. ३६ ग्रॅमच्या पक्ष्याचे चार ग्रॅम उतरले, तर ते साठ किलोच्या माणसाने साडेसहा किलो गमावण्यासारखे आहे. पिसांमुळे ते डोळ्यांना अजिबात दिसत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा यासाठी पुरतो. काट्यावर छोटी दांडी किंवा भोकांच्या झाकणाचा डबा ठेवून आकडा शून्यावर आणावा, सकाळी दाणे घालायच्या आधी पक्षी त्यात घ्यावा आणि वजन वहीत लिहावे. एरवी आठवड्यातून एकदा पुरे, शंका आली की रोज. दहावा हिस्सा घटला की डॉक्टर गाठायचा, आणखी वाट पाहायची नाही.

आमच्या निळ्या मादीचे सांगतो. ती दिवसभर भांड्यात चोच घालून असायची. कोणीही म्हणाले असते, हिला चांगली भूक आहे. वहीत मात्र ३७, मग ३५, मग ३३ असा उतार दिसत होता. माझ्या पत्नीने दाण्याचे भांडे कागदावर उपडे केले, तर राळ्याचे दाणे सोलून, चघळून तसेच टाकलेले. जे थोडे पोटात जात होते, तेही शिटेत न पचता अख्खे पडत होते. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी ताजी शीट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि जठरात वाढणारी एक बुरशी असल्याचे सांगितले. बजरीगरमध्ये ती नेहमीची आहे म्हणे: पक्षी खात राहतो आणि वाळत जातो. चोचीतून द्यायचे बुरशीनाशक बरेच दिवस चालले. आता ती पुन्हा ३६ वर स्थिर आहे.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या एका घरी असाच वाळत चाललेला पक्षी होता. जिथून तो आणला होता त्या दुकानदाराने पाण्यात टाकायला पिवळी पूड दिली. पूड प्रतिजैविकाची होती. बुरशीवर प्रतिजैविक चालत नाही. शिवाय पाणी पिवळे आणि कडू झाल्यावर, मुळात कमी पिणारा आजारी पक्षी ते पिणार किती? पक्षी गेला. त्या घरातली मुलगी शाळेच्या दप्तरात त्याचे पीस घेऊन फिरत होती. हा खेळ गावोगाव चालतो, त्याचा मला राग येतो. निदान न करता दिलेले औषध हे औषध नव्हे.

काट्याच्या खालोखाल पाहायचा तो पिंजऱ्याचा तळ. तिथे वाळू किंवा भुसा न घालता साधा कागद अंथरावा आणि रोज बदलावा. निरोगी शिटेचे तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट मळ, त्यावर पांढरा चुन्यासारखा भाग आणि भोवती थोडे पाणी. काकडी किंवा पालक खाल्ल्यावर पाणी वाढते, त्याने घाबरू नये. पण पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी होणे, मळ काळा डांबरासारखा होणे, रक्त दिसणे किंवा शिटाच कमी पडणे ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. आणखी एक खूण शेपटीची. शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी श्वासागणिक वर-खाली पंप मारल्यासारखी हलत असेल, तर त्याला श्वास घेणे जड जाते आहे. मादी तळाला बसून कण्हल्यासारखा जोर लावत असेल, तर अंडे अडकलेले असू शकते. तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. पोट दाबून अंडे काढायला जाऊ नये. आत फुटले तर मादी हातची जाते. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला असेल आणि शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर अधूनमधून मिळत असेल, तर ही वेळ कमी येते. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पक्ष्याला कॅल्शियम आणि 'अ' जीवनसत्त्व कमी पडते.

धुराबद्दल मला जरा जास्त सांगायचे आहे, कारण आमचे गावच भट्ट्यांचे. इथे घराघरांत चांदी आटते, टाकणखार उडतो, तेजाबात माल उजळतो, आणि माडीवर पोराबाळांसाठी पिंजरा टांगलेला असतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडण्यासाठी त्याला ही देणगी मिळाली आहे, पण हवेतले विषही त्याच वेगाने त्याच्या रक्तात उतरते. ज्या धुराने कारागिराला नुसता खोकला येतो, त्याने वरचा पक्षी मरू शकतो. ज्यांच्या घरी भट्टी नाही त्यांच्याकडे मच्छर अगरबत्ती असते, धूप-कापूर असतो, नव्या रंगाचा वास असतो. नॉन-स्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू बंद घरातले पक्षी काही मिनिटांत मारतो. माणसाला त्याचा वाससुद्धा येत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात नको, देवघराजवळ नको आणि भट्टीच्या माडीवर तर मुळीच नको.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत घरी करण्यासारखे एकच काम आहे, ते म्हणजे ऊब देणे. पक्ष्याच्या अंगाची उष्णता चाळीस अंशांच्या वर असते. ती टिकवण्यातच आजारी पक्ष्याची ताकद संपते, म्हणून तो पिसे फुलवतो. पिंजरा तीन बाजूंनी कापडाने झाकावा, बाहेरून एका बाजूला पिवळा बल्ब लावावा आणि त्या बाजूची हवा तीस अंशांच्या आसपास राहील असे पाहावे. दुसरी बाजू थंड ठेवावी, म्हणजे त्याला हवे तेव्हा सरकता येते. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकू लागला, तर ऊब जास्त झाली. दांड्या खाली घ्याव्यात, दाणापाणी अगदी चोचीजवळ ठेवावे, सोबतीचा पक्षी वेगळा करावा. जबरदस्तीने चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. हातात धरताना छाती आवळू नये. छाती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. आणि माणसाची दुखणी थांबवणारी गोळी कुटून देऊ नये. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, त्या गुरांचे मांस खाऊन आपल्याकडची गिधाडे किती संपली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली, हे आपल्याच वर्तमानपत्रांत वाचलेले आहे.

एक गोष्ट घरातल्या माणसांसाठी. पोपटवर्गीय पक्ष्यांचा एक जंतुसंसर्ग वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसाला होतो. तळाचा कागद थोडे पाणी शिंपडून उचलावा, झाडूने धूळ उडवू नये. घरातला पक्षी आजारी असताना कोणाला ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला आला, तर घरी पक्षी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही, आणि कळले तर नेमके औषध लवकर सुरू होते.

आता मुख्य अडचण. हे सगळे ओळखले तरी न्यायचे कुठे? तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते. पक्षी घेऊन गेलेल्या माणसाला "अहो, एवढ्या पाखरासाठी आलात?" असे ऐकावे लागते. तिथल्या डॉक्टरांवर कामाचा बोजा आहे, हे मला कळते. पण पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत. दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करून नोंदी ठेवायच्या आहेत. राज्यात नागपूरच्या पशू विज्ञान विद्यापीठाची परळ, शिरवळ, परभणी, उदगीर अशी महाविद्यालये आहेत. दुकानातून पक्षी जसा पिशवीत घालून मिळतो, तसा पक्षी तपासणाऱ्या जवळच्या डॉक्टरांचा पत्ता आणि आजाराच्या खुणांचा एक कागदही मिळाला पाहिजे. पशुसंवर्धन खात्याने तसा कागद छापून नोंदणीकृत दुकानांना सक्तीचा करावा.

तोवर हे काम आपले वर्तमानपत्र करू शकते. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्यांची नावे, वार आणि वेळा आपल्या वार्ताहरांनी गोळा करून पुढच्या पुरवणीत छापाव्यात. सुट्टी लागायला अजून अवकाश आहे, आणि जोड्या विकल्या जातील त्या सुट्टीतच.

आपला,
एक चांदी कारागीर,
हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर