बातमीत विद्यार्थ्याचं नावही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खगोलशास्त्रातल्या शोधांच्या बातम्या तुम्ही आवर्जून छापता. पण ‘प्राध्यापक अमुक यांच्या चमूने’ असं वाचलं की मी अस्वस्थ होतो. विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागात मी अनेक वर्षं पीएचडीचे मार्गदर्शन केलं आहे. दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून प्रस्ताव लिहिणारा, ढगांनी रात्र वाया घालवली की पुढच्या हंगामाची वाट पाहणारा, प्रतिमांतले वैश्विक किरणांचे ठिपके आणि डिटेक्टरचे दोष महिनोन्‌महिने काढत बसणारा बहुधा विद्यार्थीच असतो. आम्ही मसुद्यावर लाल शेरे मारतो. (तेही उशिरा.)

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीने, जी दुर्बीण उभारायला तिने स्वतः हातभार लावला होता तिच्या कागदी आलेखांतली किंचितशी खरखर हेरली. दर १.३३७ सेकंदांनी येणारा तो स्पंद म्हणजे पहिला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. १९७४ चं नोबेल मात्र तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि त्यांचे केंब्रिजमधले सहकारी मार्टिन राइल यांना मिळालं. रसेल हल्स सुदैवी. विद्यार्थिदशेत, १९७४ साली सापडलेल्या जोड-पल्सारसाठी (जोडीदार ताऱ्यासह फिरणाऱ्या पल्सारसाठी) त्याला मार्गदर्शक जोसेफ टेलर यांच्यासह १९९३ चं नोबेल मिळालं.

शोधनिबंधावर पहिलं नाव पुष्कळदा विद्यार्थ्याचंच असतं. तुमच्या वार्ताहराने ते पाहावं आणि शक्य तर फोनही त्यालाच करावा. आकडे त्याला तोंडपाठ असतात. आम्हाला विचारलंत तर आम्हीही त्यालाच विचारून सांगतो.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक