पाना उचलण्याआधी टेप काढणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, हे त्या दोन तासांतच कळलं होतं. चिपळूणकडच्या ज्यांनी तुमच्याकडे कधी गाडी नेली असेल, ते शिंप्याच्या टेपवरून ओळखतीलच.

काल सकाळी पोफळीच्या बाजूने माझी मोटरसायकल, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, कुंभार्ली घाट चढली. दोन्ही बॅगा भरलेल्या, रस्ता ओला, वळणांवर वाहून आलेली तांबडी खडी. पुढचं चाक जिथे न्यायचं होतं तिथेच गेलं. आठवड्यापूर्वी हीच गाडी प्रत्येक डाव्या वळणाला बाहेर, समोरून येणाऱ्या एसटीच्या दिशेने ओढत होती. म्हणून हे पत्र आजच लिहायला बसलो.

तुम्ही केलेली कामं अनेक, पण मनात घर करून राहिली ती अगदी पहिली गोष्ट. गाडी स्टँडवर लावून बॅगा सोडायला घेतल्या, तेव्हा तुम्ही थांबवलंत. म्हणालात, "बॅगा राहू द्या. हेल्मेट, जॅकेट चढवा आणि बसा. रोज जसे बसता तसे." पाना अजून पेटीतच होता. तुम्ही खिशातून शिंप्याची टेप काढलीत, मागच्या पॅनेलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलात, मुलाला हँडल धरायला सांगितलंत आणि एक्सलच्या मध्यापासून त्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजलंत. एकदा गाडी खाली दाबून सोडल्यावर, एकदा वर उचलून हळूच सोडल्यावर, मग पुन्हा एकदा. सस्पेन्शनमधल्या सीलच्या घर्षणामुळे दोन्ही मापांत काही मिलिमीटरचा फरक येतो आणि खरं माप त्यांच्या मधलं असतं. गुडघा चिखलात टेकवून तुम्ही ते तीनदा मोजलंत. गाडी घेतल्यापासून तिच्यावर कोण बसणार, किती वजन लादणार, हे तोवर कुणीही विचारलं नव्हतं.

मागचं चाक हवेत असताना माप ६१२ मिमी. माणूस आणि बॅगा चढल्यावर ५२०. म्हणजे गाडी जागच्या जागीच ९२ मिमी खाली बसत होती. हिमालयनच्या मागच्या चाकाला २०० मिमीचा प्रवास, म्हणजे वर-खाली व्हायची जागा, आहे. त्यातला जवळजवळ निम्मा नुसत्या वजनात गेला, तर खड्ड्यासाठी उरतात १०८ मिमी. त्यामुळेच मोठा गतिरोधक आला की मागून धाडकन आवाज यायचा. घाटातल्या वळणाचं कारणही हेच. मागची बाजू बसली की पुढचा फोर्क जास्त आडवा होतो, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि गाडी वळायला नकार देते. हेडलाइट वर बघायला लागतो तो वेगळाच. समोरचे ड्रायव्हर डिपर मारत होते, ते उगाच नव्हतं.

मागच्या शॉकवर स्प्रिंग कमी-जास्त दाबणारी आट्यांची गोल कॉलर असते. ती फिरवण्याआधी तुम्ही ब्रशने तिच्या आट्यांमधली माती काढलीत आणि डब्ल्यूडी-४० मारून पाच मिनिटं थांबलात. माती तशीच ठेवून सी-पाना (कॉलर फिरवायचा आकड्यासारखा पाना) लावला तर आटे कापले जातात आणि मग ती कॉलर पुन्हा कधी सुरळीत फिरत नाही. मागे शॉक आणि चाक यांच्यात लिंकेज, म्हणजे जोडदांड्या, असल्यामुळे कॉलर जरा सरकली तरी चाकाजवळ मोठा फरक पडतो, म्हणून दर दोन फेऱ्यांनी थांबून तुम्ही पुन्हा बसायला सांगितलंत. शेवटी माप आलं ५४७, म्हणजे बसका ६५ मिमी, प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्यावर थांबून तुम्ही जे सांगितलंत ते अनेक जुन्या चालवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं: प्रीलोड, म्हणजे कॉलरने स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती तेवढीच राहते, फक्त गाडीची उंची जागेवर येते. रिकामी गाडी चालवताना तीच कॉलर परत सैल करायची, नाहीतर मागचं चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही आणि ब्रेक मारताना ते उचललं जातं.

आता ज्या दुकानात आधी सामान बसवून घेतलं होतं, त्याबद्दल. काचेचा दरवाजा, भिंतभर ॲक्सेसरीज, आणि गाडीवर जे जे बसवता येईल ते बसवून द्यायची तयारी. त्यांनी रॅक, बॅगा, हँडल उंच करणारा रायझर आणि दोन जादा दिवे बसवले आणि जाता जाता "चेन सैल होती, टाइट करून दिली" असंही सांगितलं. ती चेन त्यांनी साइड स्टँडवर, रिकाम्या गाडीवर ताणली. तुम्ही बोट लावून दाखवलंत तेव्हा वाईट वाटलं आणि संतापही आला. चेनचं गणित असं आहे की पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्हट (मागचं चाक धरणारा दांडा जिथून वर-खाली फिरतो तो सांधा) आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. इतका लांब प्रवास असलेल्या गाडीत हा फरक मोठा पडतो. रिकाम्या गाडीवर ताठ केलेली चेन वजन चढल्यावर तारेसारखी होते. सस्पेन्शन खाली जायला बघतं, चेन जाऊ देत नाही आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. ते बेअरिंग बदलायचं तर इंजिन उघडावं लागतं. एवढी नवी गाडी, आणि तिच्यात हे चालू होतं.

तुम्ही मागचं चाक हाताने पूर्ण फिरवून चेनची सगळ्यात ताठ जागा शोधलीत, कारण चेन सगळीकडे सारखी कधीच नसते, आणि पुस्तिकेतली ढील त्याच जागी ठेवलीत. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवलेत. एक्सलचा नट आवळून झाल्यावर पुन्हा मोजलंत, कारण नट आवळताना एक्सल किंचित मागे ओढला जातो आणि चेन ताठ होते. मग पुन्हा बसवलंत. वजनासह ढील उरली आहे, हे बोटाने हलवून दाखवलंत.

रायझरचं प्रकरण याहून धोक्याचं होतं. ३० मिमी उंच झालेलं हँडल उभं राहून चालवताना बरं वाटतं, पण क्लचची केबल, पुढच्या ब्रेकचा होज आणि थ्रॉटलच्या वायरी तेवढ्याच लांबीच्या राहतात. या गाडीचा थ्रॉटल राइड-बाय-वायर, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा आहे, त्याला केबलच नाही. जुन्या गाड्यांत हँडल वळवल्यावर इंजिनची गती वाढली की केबल ताणली जाते हे लगेच कळायचं. इथे तसा इशारा मिळत नाही. तुम्ही हँडल पूर्ण डावीकडे वळवून क्लचचा लिव्हर हलवायला सांगितलात: मुळाशी असायला हवा तो २-३ मिमीचा मोकळा खेळ शून्य झाला होता. म्हणजे घाटाच्या प्रत्येक आवळ वळणावर क्लच थोडा दाबलेलाच राहत होता. उजवीकडे वळवल्यावर थ्रॉटलची वायर हेडस्टॉकपाशी, म्हणजे हँडल जिथे चौकटीत फिरतं तिथे, ताठ. अशी वायर बाहेरून धड दिसते, आत तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात आणि एक दिवस गाडी मध्येच बंद पडते. ज्याने रायझर बसवून घेतला आहे त्याने हे आजच, दोन्ही टोकांपर्यंत हँडल फिरवून बघावं. तुम्ही रायझर काढलात, हँडल क्लॅम्पमध्येच थोडं पुढे फिरवलंत आणि काढलेला भाग कापडात गुंडाळून परत दिलात. दुसरा विकायला तुमच्याकडे होता, पण तुम्ही त्याचा विषयही काढला नाहीत.

दिव्यांची जोडणी बघून मात्र तुमच्या कपाळावर आठी पडली. ४० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ ७ अँपिअर. ते त्यांनी एलईडी हेडलाइटच्या बारीक वायरीला टोचणी क्लिप लावून जोडले होते, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. क्लिपपाशी वायरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. तुम्ही बॅटरीपासून दीड चौरस मिमीची नवी वायर ओढलीत, बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज टाकलात, ती रिलेच्या ३० नंबरला दिलीत आणि ८७ वरून दिवे घेतलेत. ८५ अर्थला, ८६ ला स्विचमधून किल्लीचा प्रवाह, त्यामुळे किल्ली काढली की दिवे विझणार आणि सकाळी बॅटरी मेलेली सापडणार नाही. जोड सगळे क्रिम्प केलेले, म्हणजे टोपी दाबून बसवलेले, वर आकसणारी नळी. टोचलेल्या जुन्या वायरीवरही तुम्ही न सांगता सोल्डर आणि नळी घातलीत, कारण तिथून पाणी शिरून हिरवा गंज आतून पुढे चढत जातो.

बाकीचं थोडक्यात. रॅकचे बोल्ट २०० किमीनंतर पुन्हा आवळायला सांगितलेत, कारण बोल्टखालचा रंग दबतो आणि पकड सुटते. तसे आवळले, चारांपैकी दोन खरंच अर्धा फेरा फिरले. स्पोकवर पाना वाजवत गेलात, दोन ठिकाणी 'ठण्' ऐवजी 'थड्' आलं, ते जुळवलेत. आणि ट्यूबच्या वॉल्वचा रिमवर घट्ट आवळलेला नट सैल करून तो टोपीपाशी नेऊन ठेवलात. हवा कमी असताना टायर रिमवर सरकला तर वॉल्व आधी तिरका दिसतो आणि सावध व्हायला वेळ मिळतो. नट घट्ट असेल तर तो सरळ मुळातून फाटतो आणि फाटलेल्या मुळाला पंक्चरची पट्टी चालत नाही. पुढे २१ इंची चाक असलेल्या गाडीची ट्यूब खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे सहसा नसते, हे लक्षात घेतलं तर या एका नटाची किंमत कळते.

तुमच्या हातून गेल्यावर गाडी कशी आहे, हे तुम्हालाच सांगायला हवं. ४५२ सीसीचं इंजिन, मिनिटाला ८,००० फेऱ्यांना ४० पीएस आणि ५,५०० ला ४० न्यूटन मीटर. ते खालच्या फेऱ्यांवर ओढत नेण्याचं इंजिन नाही. ३,००० च्या खाली वरच्या गिअरमध्ये कुरकुरतं, एक गिअर खाली टाकून ४,००० च्या वर ठेवलं की घाट सपाट झाल्यासारखा वाटतो. जुन्या हिमालयन ४११ वरून येणाऱ्याला ही सवय बदलावी लागते. १९६ किलो वजन उभ्या गाडीला जाणवतं, विशेषतः टाकी १७ लिटर भरलेली असताना मागे ढकलताना. चालू लागली की ते कुठे जातं कळत नाही. आधी वाटत होतं, मागचं सस्पेन्शनच ढिलं आहे, शॉक बदलावा लागेल. त्या दुकानाने तर महागड्या शॉकचा भावही सांगून ठेवला होता. गाडीत काहीही कमी नव्हतं. तिला फक्त तिच्यावर बसणाऱ्याचं माप हवं होतं.

शिंपी कपडा कापताना शिवणीत माया ठेवतो. ती बाहेरून दिसत नाही, तिचे पैसे कुणी वेगळे देत नाही, पण उद्या अंग बदललं तर उसवून वाढवता यावं म्हणून तो ती ठेवतो. तुमच्या टेपकडे बघताना तीच आठवत होती. काढलेला सुटा भाग परत देणारा मिस्त्री, भरण्याआधी मीटरवरचा शून्य बघायला लावणारा पंपावरचा मुलगा, गिऱ्हाईक नसतानाही औषधाची तारीख वाचून सांगणारा दुकानदार, अशी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्या भरवशावर लोक रात्रीचा घाट उतरतात. त्यांच्याबद्दल लिहायचं राहून जातं. तक्रार लिहायला मात्र सगळ्यांना वेळ मिळतो.

तुम्ही मजुरी घेतलीत, दोन तासांची आणि सामानाची, एक रुपया जास्त नाही. निघताना पुठ्ठ्याचा एक तुकडा सीटखाली ठेवलात. त्यावर पेन्सिलीने ६१२, ५४७, कॉलर उघडी किती ठेवली ते माप, आणि बाजूला हेडलाइटची खूण: १० मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा एक वीत खाली. काल रात्री घाटात एकानेही डिपर मारला नाही, काका.

त्या पुठ्ठ्यावर तुम्ही दुसरा रकाना आखून कोरा ठेवला आहे, वर 'डबल सीट' असं लिहून. गणपतीला सौ. मागे बसणार आहेत, वजन ५८ किलो, बॅगा याच. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघं येतो. ती हेल्मेट घालूनच बसेल, तसं तिला सांगून ठेवलं आहे.

आपला कृतज्ञ,
काळ्या हिमालयनचा मालक