नाकाच्या हाडाचा आकडा आणि अर्धवट रिपोर्ट

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गर्भारपणातील सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘नाकाचे हाड आखूड’ एवढीच ओळ लिहिलेली असते आणि पुढची सगळी काळजी घरच्यांच्या गळ्यात पडते. त्या ओळीसोबत आणखी काय लिहिलेले असायला हवे, एवढ्यापुरतेच हे पत्र.

डाऊन सिंड्रोममध्ये, म्हणजे एका जादा गुणसूत्रामुळे होणाऱ्या जन्मजात दोषात, नाक लहान असते, हे ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्येच नोंदवले होते. असा दोष असलेल्या निम्म्याहून अधिक गर्भांमध्ये ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत नाकाचे हाड दिसत नाही, म्हणून ते पाहण्याला महत्त्व आले. परंतु काही निरोगी गर्भांतही ते त्या वेळी दिसत नाही आणि हे प्रमाण वंशानुसार बदलते. शिवाय त्या सुमारास या हाडाची लांबी जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे पाव हिस्सा इकडचा तिकडे.

मोजमाप विश्वासार्ह ठरण्यासाठी चेहरा अगदी बाजूने, मधोमध छेदलेला दिसावा लागतो. तसा तो मिळाला, की नाकावरची त्वचा आणि खालचे हाड अशा दोन समांतर रेघा बरोबरच्या (=) चिन्हासारख्या उमटतात व खालची रेघ अधिक ठळक असते. बाळाने मान जराशी वळवली किंवा पोटावर फिरवल्या जाणाऱ्या प्रोबचा कोन बदलला, तर हाडाची रेघ पुसट होते. हनुवटीही उगाचच मागे गेल्यासारखी भासते. बाळ ऐकत नसेल, तर थोड्या वेळाने पुन्हा पाहण्यात कमीपणा कसला?

उलट बाजूही आहे. १८ ते २२ आठवड्यांत वरचा ओठ समोरून नीट पाहता येतो, पण ओठ अखंड असून केवळ तोंडातली टाळू दुभंगलेली असेल, तर ती सोनोग्राफीत बरेचदा निसटते. त्यामुळे ‘चेहरा नॉर्मल’ हा शेरासुद्धा जरा सढळ हातानेच दिला जातो.

तेव्हा रिपोर्टात मोजमापाबरोबर त्या आठवड्याची अपेक्षित मर्यादा, योग्य छेद मिळाला की नाही आणि काय पाहता आले नाही, हे लिहिणे सक्तीचे असावे. शंका उरल्यास आधी मानेमागील द्रवाची जाडी व आईच्या रक्ताची तपासणी यांच्यासोबत जोखीम मांडावी, आणि पक्के निदान गर्भजल तपासणीसारख्या चाचणीनेच होते, हे त्याच पानावर छापावे.

आपली,
एक वाचक