नव्या वेबसाइटची नोटीस वाचता येईना

संपादक महोदय,

सांगलीत विश्रामबागला माझे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. मध्यंतरी आमच्याच भागातल्या एका संस्थेच्या नव्या वेबसाइटचे थाटात उद्घाटन झाले. साइट दिसायला झकास. कृष्णेच्या घाटाचे फोटो सरकत राहतात, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे.

माझ्याकडे बी.ए.चा एक विद्यार्थी येतो, त्याला अजिबात दिसत नाही. एनव्हीडीए हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवते. तो हेडफोन लावून ऐकतो आणि माउसला हात न लावता टॅबचे बटण दाबत फॉर्म भरतो. त्याचा वेग बघून रांगेतली माणसे गप्प होतात. या साइटवर शिष्यवृत्तीची नोटीस म्हणजे कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो, त्याला ऐकू आले फक्त ‘ग्राफिक’. फॉर्मच्या चौकटींना नावे जोडलेली नाहीत, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी नुसते ‘एडिट’. शेवटी ‘चित्रातली अक्षरे ओळखून टाइप करा’ अशी अट, त्याला आवाजाचा पर्याय नाही. एरवी सगळे स्वतः करणाऱ्या या पोराला आधार नंबर, खाते नंबर, ओटीपी मला भर रांगेत मोठ्याने सांगावे लागले.

साइट अशा विद्यार्थ्यांनाही वापरता येईल अशी करा, असे संस्थेत जाऊन सांगितले. उत्तर मिळाले, ‘तसे केले तर साइट सरकारी दिसेल.’ हे काही पटले नाही. फोटोमागे कोडमध्ये लिहिलेले वर्णन किंवा चौकटीला जोडलेले नाव यांनी सजावट बिघडत नाही. घाटाचे फोटो खुशाल ठेवा, फक्त ते थांबवायचे बटण द्या. रंगांचे म्हणाल तर हळदी पिवळ्यावर गडद तपकिरी अक्षर टाकून बघा, सांगलीला शोभेल आणि वाचताही येईल. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा, असे वेबचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. तो मोजायची साधनेही फुकट आहेत. मोतीबिंदू झालेले आजोबा आणि मार्केट यार्डात भर उन्हात मोबाइल धरलेला शेतकरी, दोघांचीही सोय होईल.

मराठीचे एक वेगळेच दुखणे आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोटीस डोळ्यांना मराठी दिसते, पण सॉफ्टवेअर ती अगम्य इंग्रजी अक्षरे म्हणून वाचते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच ओळखता येणाऱ्या अक्षरांत हवा, आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलेले हवे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा जिल्ह्यातल्या बँका, पतसंस्था, कॉलेजांनी वेबसाइटचे कोटेशन मागवतानाच या अटी लिहून घ्याव्यात. आणि उद्घाटनाआधी एक दिवस साइट या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. तो तयार आहे. मानधन मात्र द्यावे, हारतुऱ्यांचा खर्च निघतोच की!

– एक सेवा केंद्रचालक, विश्रामबाग, सांगली