सुट्टीतल्या त्या जेवणाबद्दल

प्रिय बाळा,

परवा तू पण गेलास, घर एकदम रिकामं झालं आणि रात्री काही केल्या झोप येईना, म्हणून लिहायला बसलो. फोनवर बोललो असतो तर तू नुसतं हो बाबा, हो बाबा करून ठेवून दिला असतास.

आधी माझी चूक. चौदा माणसांसमोर मी तुझ्यावर खेकसलो, तोंड मिटून खा म्हणून. तुझे कान लाल झाले, शेजारची छोटी फिस्सकन हसली. टेबल मॅनर्स शिकवायची ही काय रीत झाली, नंतर बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. सॉरी.

पण घास तोंडात असताना बोलू नको हे उगाच नाही रे सांगत. श्वास आणि घास घशापर्यंत एकाच वाटेने जातात, गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं, हसत बोलत खाल्लं की ते चुकतं आणि ठसका लागतो, तुला लागलाच की. तेव्हा पाणी कुणी दिलं आठवतंय? आजीने. ती उभीच होती.

मला खरं तेच खटकलं. चमचा कुठल्या हातात, कोपर टेबलावर की खाली, ते घराघरात वेगळं असतं, माझं त्याबद्दल फारसं काही म्हणणं नाही. पण तू सात-आठ मिनिटांत ताट संपवलंस, भांड्यात उरलेलं जवळजवळ सगळं परत वाढून घेतलंस, त्यातलं अर्धं टाकलंस आणि फोन बघत उठलास. पोट भरलंय हे मेंदूला कळायला साधारण 20 मिनिटं लागतात, त्यामुळे अजून भूक आहे असं वाटलं असेल, मान्य. पण सकाळपासून ओट्याशी असलेली आजी शेवटी बसली तेव्हा भांड्याच्या कडेला चिकटलेलं खरवडून घेत होती. मीही बघितलं आणि गप्प बसलो, तुझ्यावर ओरडायला मात्र तोंड बरं उघडलं होतं.

पुढच्या वेळी वाढायला आपण दोघं, आणि तिला आधी बसवायचं. ऐकणार नाही ती, तुम्ही घ्या खाऊन म्हणेल, तरी हाताला धरून बसवायचं. शेवटचं वाढून घ्यायच्या आधी कुणी राहिलंय का एवढं विचारायचं. फोन दुसऱ्या खोलीत, माझासुद्धा.

आणि तिला एक फोन कर. काल विचारत होती, पोरगं नीट जेवलं ना, घाईघाईत उठलं होतं म्हणून.

तुझा,
बाबा