पहिलं कोण, एस्सेलवर्ल्ड की अप्पू घर?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला एस्सेलवर्ल्डवरचा लेख वाचला. छान जमलाय, गोराईची जेट्टी, लाँच, सगळं डोळ्यासमोर आलं. पण पहिल्याच परिच्छेदात 'भारतातलं पहिलं अम्युझमेंट पार्क'? अहो ते 1989 चं! दिल्लीचं अप्पू घर त्याच्या पाच वर्षं आधी, 19 नोव्हेंबर 1984 ला सुरू झालं, इंदिराजींच्या जन्मदिवशी, त्यांना जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि उद्घाटन राजीव गांधींनी केलं. नाव ठेवलं 82 च्या एशियाडच्या अप्पू हत्तीवरून. हे तपासायला किती वेळ लागतो?

तुमचं काय जातंय म्हणा. इकडे सकाळी नऊच्या आत बोरिवलीहून मेव्हण्यांचा फोन, "भावोजी, वाचलंत ना? पेपरात आलंय!" हा आमचा लग्नापासूनचा वाद आहे आणि आता वड्यांची पार्टी मी द्यायची.

वडील तेव्हा दिल्लीला नोकरीत होते म्हणून मी ते पार्क लहानपणीच पाहिलंय. आजी आली होती, नऊवारीत, आणि हट्टाने त्या झुलणाऱ्या मोठ्या होडीत बसली. आधी म्हणाली, "ह्यापेक्षा आमच्या जत्रेतला पाळणा जोरात जायचा." मग होडी वर गेली तशी एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने माझी मान, आणि तोंडाने राम राम. उतरलो तर एका पायात चप्पल नाही. रांगेतले लोक ओरडतायत आणि तो होडीवाला बिचारा वाकून काठीने खालून चप्पल काढतोय. चप्पल घालून आजी काय म्हणाली असेल? "परत बसू."

17 फेब्रुवारी 2008 ला ते बंद झालं. आता तिथे सुप्रीम कोर्टाच्या नव्या इमारती आहेत, म्हणजे तुमच्याविरुद्ध पार दिल्लीपर्यंत दाद मागायची ठरवली तरी मी त्याच जागेवर जाऊन उभा राहणार!

तर कृपया दुरुस्ती छापा, आणि ती पान नऊच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात नको, मला तिचा फोटो काढून मेव्हण्यांना पाठवायचाय.

आणि हो, शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर 'सोमवारी' म्हणून लिहिता. आज सोमवारच आहे, पूर्ण अंक दोनदा चाळला, उत्तर कुठे आहे?

आपला,
एक जुना वाचक