रिपोर्ट चांगले, पण बाई कुठे बरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला ल्युपसवरचा लेख वाचला. माहिती चोख आहे: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, दहात नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेकींना हा आजार ऐन उमेदीत गाठतो. पण तो अंगावर घेऊन पुढची नोकरी, संसार कसा रेटायचा, याबद्दल अवाक्षर नाही. मी स्वतः त्यातलीच, म्हणून लिहिते.

सगळ्यात जास्त छळतो तो थकवा. रक्त-लघवीचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर खूश झाले, तरी सकाळी बोटं अशी आखडलेली असतात की कुकरचं झाकण लागत नाही. ऑफिसला पोचेपर्यंतच जीव अर्धा होतो. हे कुणाला दिसत नाही. दिसतात ते स्टिरॉइडने सुजलेले गाल, आणि हळदीकुंकवाला त्यांचंही कौतुक होतं: "तब्येत छान सुधारली हो तुझी!" यावर काय बोलायचं? वाण घ्यायचं नि घरी यायचं.

दुसरं ऊन. उन्हाने नुसतं पुरळ येत नाही, आजारच उसळू शकतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे इथली रंगांची मिरवणूक, टीव्हीवर बघते, त्याचं एवढं काही नाही. पण अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही काही प्रमाणात आत येतात, म्हणून ऑफिसात जागा बदलून मागितली, तर "मॅडमना एसीखाली बसायचंय" अशी कुजबुज. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ल्युपसचं नाव नाही. तेव्हा सवलत मिळाली तर साहेबांची मर्जी.

इंग्लंडमध्ये 2007 साली खास ल्युपसच्या रुग्णांसाठी 34 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. दुखणं-थकवा तर आहेच, पण पुढचे बेत आखता येतात का, आपला इतरांवर भार होतो असं वाटतं का, नवरा-बायकोच्या नात्याचं काय, हेही त्यात विचारतात. इंदुरातल्या ओपीडीतली गर्दी बघून डॉक्टरांना दोष देववत नाही. पण यातले चार प्रश्न रांगेतच नर्सने विचारून केसपेपरवर लिहिले, तरी पुष्कळ होईल.

आणि लग्नाच्या मुलींच्या आयांनो, "जरा सांधेदुखी आहे" असं सांगून स्थळापासून आजार लपवू नका. मग पोरगी सासरी चोरून गोळ्या घेते, चुकवते, आणि आजार उसळला की किडनीवरही जाऊ शकतो. निदान सहा महिने आजार शांत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मूलही होऊ शकतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध सहसा तेव्हाही चालू ठेवतात; काही औषधं मात्र आधीच बदलावी लागतात. यावर एखाद्या संधिवाततज्ज्ञांकडून सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर